मंगळवारचं काळीज

माझ्या नवऱ्याचा फोन रोज सकाळी फॅक्टरीच्या गेटवर जमा होतो, म्हणून सासऱ्यांचं हृदय माझ्या फोनवर आलं. दारूगोळ्याच्या कारखान्यात फोन आत नेता येत नाही हे जवाहरनगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात सिस्टरनं "दिवसभर उचलला जाईल असा नंबर द्या" म्हटल्याबरोबर चंद्रकुमारने माझा नंबर सांगून टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. क्वार्टरमध्ये बसलेली बायको म्हणजे दिवसभर उचलला जाणारा नंबरच, असा त्याचा सरळ हिशेब.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, उन्हाळ्यात झटका आला होता. दवाखान्यातून सोडताना त्यांच्या मनगटावर एक काळं घड्याळ बांधलं आणि हातात एक फोन दिला. घड्याळ नाडी मोजणार, फोन ती नागपूरला पाठवणार, तिथे रीता सिस्टर पडद्यावर पाहणार आणि काही वावगं दिसलं की मला कळवणार, अशी सगळी व्यवस्था. "काका, आता तुमच्या हृदयावर आमची सतत नजर राहील," असं रीता सिस्टर अगदी प्रेमानं म्हणाल्या. मामाजींनी मान डोलावली.

मामाजी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोहाडीच्या पलीकडे गावी राहतात. आमच्याकडे या म्हटलं तर मामाजी ऐकून घेतात, चहा पितात आणि पहिल्या बसनं परत जातात. कारण ते गावच्या तलावाचे पाणकर आहेत. तलावाचं दार कधी उघडायचं, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी पाणी जाईल, कोणाच्या नंतर, हे सगळं पाणकर ठरवतो आणि त्याचा शब्द गाव मोडत नाही. त्यांच्या वडिलांकडून हे काम त्यांच्याकडे आलं. पाणकराची स्वतःची बांधी सगळ्यात शेवटी भिजते, असा तिथला रिवाज. एका साली पाऊस दगा देऊन गेला तेव्हा आमच्या घरचं धान उभ्याउभ्या वाळलं आणि शेवटच्या टोकाच्या तेजरामचं पिकलं. आई अजून ते सांगते. तक्रार म्हणून सांगते की मिरवते, ते मला अजून कळलेलं नाही.

पावसाळाभर घड्याळ शहाण्यासारखं वागलं. दसरा झाला आणि गोंधळ सुरू झाला.

"ताई, काका काल फार चालले का हो?" रीता सिस्टरचा फोन.

मी गावी फोन लावला. "मी कायले चालू पोरी?" मामाजी म्हणाले. "दिवसभर खाटेवरच बसून राहिलो."

दोन दिवसांनी पुन्हा फोन. काका सायकल चालवतात का? आमच्या घरी सायकलच नव्हती. मग एक दिवस नाडी इतकी शांत की सिस्टरनाच आनंद झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी अशी पळत होती की डॉक्टरांनी ती आवरायची गोळी वाढवली. रोज अर्धी होती, ती आता एक. मी आईला फोनवर तीनतीनदा समजावलं आणि त्या दिवसापासून रोज सकाळी मामाजींना दरडावून विचारायचे, पूर्ण घेतली ना? दाखवा. व्हिडिओ कॉलवर ते बिचारे जीभ बाहेर काढून दाखवायचे.

तरी काही केल्या मेळ लागेना. आज हे हृदय धावतंय, उद्या झोपलंय, परवा चढ चढल्यासारखं धापा टाकतंय, आणि माणूस म्हणतो मी खाटेवर आहे. आधी मला वाटलं यंत्र बिघडलं. मग वाटलं मामाजी खोटं बोलतात. मग वाटलं आई त्यांना पाठीशी घालते. संध्याकाळी चंद्रकुमार घरी आला की मी त्याच्यापुढे सगळं ओतायचे. तो चहात बिस्कीट बुडवत म्हणायचा, "मशीन बिघडली असन. टेन्शन नको घेऊ." टेन्शन नको घेऊ! बाप त्याचा, नंबर माझा.

बुधवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा फोन आला. या वेळी रीता सिस्टरच्या आवाजात प्रेमबिम काही नव्हतं.

"ताई, तिकडे नेटवर्क नव्हतं वाटतं. कालची नाडी आज पोचली. काल सकाळी काकांची नाडी मध्येच थांबली आहे. एकदा नाही, परत परत. थांबते, मग चालू होते. आत्ताची चांगली दिसतेय, पण त्यावर जाऊ नका. असंच चालू राहिलं तर माणूस उभ्याउभ्या पडतो. आजच्या आज घेऊन या. छातीत मशीन बसवावी लागेल असं डॉक्टर म्हणतायत."

फॅक्टरीच्या गेटवर निरोप ठेवला आणि स्कूटी काढली. भंडारा गेलं, वरठी गेली, मला रस्ता दिसला असं काही आठवत नाही. दर वेळी फोन थरथरला की गाडी कडेला घ्यायची आणि बघायचं तर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. आईचं पांढरं कपाळसुद्धा माझं डोळ्यांसमोर आणून झालं होतं. स्वतःच्या मनाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मामाजी घरी नव्हते. आई म्हणाली, बांधावर. मी तशीच तलावावर गेले. भारी धानाला, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या धानाला, शेवटचं पाणी सोडायचे दिवस होते. मोहाच्या झाडाखाली घोंगडीवर बसून मामाजी खाली बांध्यांकडे बघत होते, आणि चेहरा थोडा उतरलेला सोडला तर धडधाकट दिसत होते. मला हायसं वाटलं. मग माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. ते रिकामं होतं.

"मामाजी, घड्याळ?"

"आज बुधवार नाही का," ते म्हणाले. "बाबुलालची बारी हाये."

"कायची बारी?"

त्यांनी हात करून दाखवलं. खाली पाटाच्या कडेला बाबुलालकाका फावड्यानं माती ओढत होते आणि त्यांच्या मनगटावर ते काळं घड्याळ उन्हात चमकत होतं. म्हणजे आज सकाळपासून रीता सिस्टर जे चांगलं हृदय बघत होत्या ते बाबुलालचं होतं. मला आधी काही समजेचना. मग समजलं, आणि समजल्यावर आणखीच समजेनासं झालं.

"तुमी घड्याळ लोकायले देऊन राहिले?"

"बारी लावून देली," मामाजी म्हणाले, जणू नुसतं देऊन टाकण्याचा आरोप त्यांना लागला होता. "सोमवारी भय्याजी, मंगळवारी तेजराम, बुधवारी बाबुलाल. बाकीचे दिवस माह्याकडे. भय्याजीची छाती भरून येते. बाबुलालले दम लागते. तेजरामचा बाप काळजाच्याच दुखन्यानं गेला. नागपूरवाले दिवसभर पाहूनच राहिले, तं माह्या एकट्याचंच काहून पाहावं त्यायनं? खराब दिसलं असतं तं तुले फोन आलाच असता ना?"

मी त्यांच्यावर ओरडले. सासऱ्यांवर कधी ओरडले नव्हते. हे तलावाचं पाणी नव्हे, हे तुमच्या एकट्याचं औषधपाणी आहे, डॉक्टर तुमचं हृदय समजून चार जणांची हृदयं बघत बसलेत, असं काहीबाही. ते खाली बघत राहिले. आणि खरं सांगायचं तर ओरडता ओरडता मीच अडखळले, कारण त्यांच्या बोलण्यात नेमकी चूक कुठे आहे ते मला पटकन बोट ठेवून दाखवता येईना. तीन म्हाताऱ्यांना काळजाची धास्ती होती आणि त्यांच्याकडे फुकट पाहणारं कोणी नव्हतं. पाणकरानं आपल्या हातात आलेली गोष्ट वाटली. त्यांना दुसरं काही येतच नाही.

मी रीता सिस्टरना फोन लावून सगळं सांगितलं.

"म्हणजे ती पळणारी नाडी?"

"बाबुलालकाकांची असणार. सायकलपण त्यांचीच."

"अरे देवा. आणि आपण गोळी..." त्या थांबल्या. "थांबा, गोळीचं मी डॉक्टरांशी बोलते. पण ताई, आधी मला हे सांगा, मंगळवारी सकाळी घड्याळ कोणाच्या हातात होतं? तो जो कोणी आहे ना, त्याला आधी गाडीत घाला. तो माणूस आत्ता कुठे काम करत असेल तर त्याला खाली बसवा."

आता ओरडायलाही वेळ नव्हता. मी हाका मारून तिघांनाही मोहाच्या झाडाखाली बोलावलं. चिखलाचे पाय घेऊन बाबुलाल आणि भय्याजी आले, मागून तेजरामकाका. मी सांगितलं, तुमच्यातल्या एकाचं हृदय मध्येच थांबून राहिलं. तो आज पडेल की उद्या, सांगता येत नाही. बारी कोणाचीही असो, मंगळवारी सकाळी घड्याळ खरोखर कोणाच्या हाताला होतं?

काल-परवापर्यंत ज्यांना आपली बारी एक दिवस पुढे ढकललेली चालत नव्हती, त्या म्हाताऱ्यांना आता घड्याळ घातल्याचंच आठवेना. भय्याजी म्हणाले, मी सोमवारी संध्याकाळीच परत केलं. बाबुलाल म्हणाले, नाही, भय्याजीनं परत केलं नाही, तो मोहाडीला गेला तेव्हा त्याच्या हातात मी पाहिलं. भय्याजी म्हणाले, मोहाडीला मी गेलोच रविवारी. रविवारी बारी कोणाची होती? रविवारी तर पाणकराकडे. मग भय्याजीच्या हातात कसं? बाबुलालनी आपलं म्हणणं मागे घेतलं आणि मला आज सकाळी मिळालं एवढंच सांगितलं. कोणी दिलं? पाणकरानं दिलं. मग पाणकराकडे कसं आलं? आणि हे बोलत असताना प्रत्येक जण हळूच आपल्या छातीवर हात ठेवून पाहत होता.

"मामाजी, तुमी सांगा. तुमीच बारी लावली ना?"

मामाजी घोंगडीच्या दशा ओढत होते. "मंगळवारी तेजरामची बारी," ते म्हणाले.

सगळ्यांनी तेजरामकाकांकडे पाहिलं. तेजरामकाकांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी मान वर केली नाही.

"हो," तेजरामकाका शेवटी म्हणाले. "माह्याच हाताले होतं."

पुढचं सगळं इतक्या घाईनं झालं की ते मला तुकड्यातुकड्यातच आठवतं. तेजरामकाकांना घोंगडीवर बसवलं. ते म्हणत होते, मला काही झालेलं नाही, आणि आम्ही सगळे म्हणत होतो, बोलू नका. कोणीतरी धावत जाऊन त्यांच्या घरी सांगितलं. चंद्रभागाबाई, त्यांची बायको, हाताचं पीठ तसंच घेऊन रडत आली आणि नवऱ्याच्या पायाशी बसून त्यालाच बोलायला लागली. सकाळपासून दोन भाकरी खाल्ल्या, कोणी म्हणेल का? हा माणूस मला काही सांगत नाही! गावातली भाड्याची बोलेरो आली. तेजरामकाकांना दोन्ही बाजूंनी धरून चढवलं. आईनं घरून चादर आणली, पाण्याची बाटली आणली. मी घड्याळ बाबुलालकाकांच्या हातातून काढून माझ्या मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. वाटेत कोणाची तरी बारी लागेल ही भीती.

मामाजी झाडाखाली उभे होते. उभे राहताना त्यांनी बुंध्याचा आधार घेतला हे मी पाहिलं. पण मनात म्हटलं, आता खजील झालेत. आणि खरं म्हणजे मला त्यांच्याकडे बघायचंच नव्हतं. मी पुढच्या सीटवर बसले, दार ओढलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"थांब गा."

मामाजी गाडीपाशी आले होते. चार पावलं चालून आलेला माणूस, पण घामानं सदरा भिजला होता.

"तेजराम," ते म्हणाले, "उतर खाली."

"भाऊ, जाऊ द्या ना," तेजरामकाका आतून म्हणाले. "जाऊन येतो मी. पाहून घेतीन ते."

"उतर म्हनतो ना." मामाजींनी दाराची कड धरली. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, पाणी सोडताना हाक देतात तशा आवाजात म्हणाले, "बारी तेजरामची होती. पन घड्याळ मीनं देलंच नाही. मंगळवारी माह्याच हाताले होतं."

ड्रायव्हरनं मान वळवून पाहिलं. इंजिन तेवढं चालू होतं.

"सकाळी उठलो तं डोळे फिरले," मामाजी आता हळू बोलत होते. "छातीत काही चालूनच नाही राहिलं, असं वाटलं. म्हटलं, आजच्या दिवस आपल्यालेच पाहू द्या. एक दिवस. दुसऱ्याची बारी मीनं कधी मारली नाही. बाबाच्या वेळपासून नाही. काल मारली."

ते रडत होते. आजवर मामाजींना रडताना मी पाहिलं नव्हतं, झटका आला तेव्हाही नाही. मला आधी वाटलं, मरणाच्या भीतीनं रडतात. नंतर लक्षात आलं की ते चोरी पकडल्यासारखे रडत होते. एक दिवस घड्याळ आपल्या हातावर ठेवलं म्हणून. त्यांचंच घड्याळ. त्यांच्याच नावानं दिलेलं.

"मले मालूम होतं, भाऊ," तेजरामकाका म्हणाले. "मी सकाळी घड्याळ मांगाले आलो होतो. तुमी मले पाहून हात घोंगडीत लपवला. मी तसाच वापस गेलो."

"मंग तुमी हो काहून म्हटलं?" मी जवळजवळ किंचाळले. "आमी तुमाले नागपूरले घेऊन जाऊन राहिलो होतो!"

"मंग काय म्हनू?" तेजरामकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू खुळी मीच होते. "पानकरानं बारी मारली म्हनू? सगळ्या गावासमोर?"

चंद्रभागाबाईनं खिडकीतून पिठाचा हात घालून नवऱ्याच्या पाठीत एक धपका घातला आणि मग पदर तोंडाला लावून पुन्हा रडायला लागली.

आणि मग ती गोळी माझ्या डोक्यात आली. नाडी पळत होती बाबुलालची. ती आवरायला गोळी वाढवली डॉक्टरांनी. आणि ती वाढवलेली गोळी रोज सकाळी खाल्ली मामाजींनी, ज्यांची नाडी मुळात पळतच नव्हती. खाल्ली की नाही ते जीभ बाहेर काढायला लावून मी बघत होते. हे सगळं मी एका दमात रीता सिस्टरना सांगितलं. राग येत होता आणि तो कोणावर काढावा तेच कळत नव्हतं. मामाजींवर? त्यांनी चांगुलपणा केला. तेजरामवर? त्यांनीही. सिस्टरवर? त्यांनी जे दिसलं ते पाहिलं. मग हा माणूस मरायला टेकला तो नेमका कोणाच्या चुकीनं, हे मला आजही कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

"आजची गोळी घेतली?" सिस्टरनी विचारलं.

"घेतली. पूर्ण."

"घड्याळ बांधा त्यांना. आत्ताच्या आत्ता."

मी खाली उतरून मामाजींच्या मनगटावर घड्याळ बांधलं आणि त्यांच्या खिशातला दवाखान्याचा फोन हातात घेतला. त्यांचा हात गार होता. पलीकडे सिस्टर पडद्यावर बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "दिसतंय. हो... थांबतेय. पुन्हा चालतेय. निघा ताई, पुढची गोळी देऊ नका आणि कुठे थांबू नका. डॉक्टर तयार राहतील."

मामाजींना मधल्या सीटवर निजवायचं ठरलं, पण ते झोपायला तयार होईनात. आई त्यांच्या एका बाजूला बसली, मी दुसऱ्या. तेजरामकाका उतरलेच नाहीत. मागच्या सीटवर सरकून बसले आणि म्हणाले, मी पण येतो, माझंही एकदा पाहून घेतील. पाण्याचं कसं, असं मामाजींनी विचारलं तेव्हा बाहेरून भय्याजी ओरडले की पाणी आम्ही बघतो, तुम्ही निघा.

गाडी बांधावरून उतरून डांबरी रस्त्याला लागली. मी मामाजींच्या फोनवर त्यांच्या नाडीचा आकडा बघत होते. तो खाली जायचा, वर यायचा, मध्येच नुसती आडवी रेघ यायची, आणि तेवढ्या वेळात माझंही बंद पडायचं. तेवढ्यात मामाजींनी माझं मनगट धरलं. आमच्याकडे सासरे सुनेचा हात धरत नाहीत. आई खिडकीबाहेर बघायला लागली.

"राखी," ते म्हणाले, "मले बहुत भेव लागते व. दवाखान्यातून आलो तवापासून लागते. रातीबेराती लागते. म्हनून तं सगळ्यायले देलं ना घड्याळ. म्हटलं, एकट्यालेच काहून पाहून राहिले, म्हनजे आपलीच जाची बारी हाये का? सगळ्यायच्या हाताले राहिलं तं तेवढं भेव नाही लागत."

म्हणजे ते वाटणं चांगुलपणाचं नव्हतंच. निदान नुसत्या चांगुलपणाचं नव्हतं. सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा मी त्यांना रोज फोन करत होते. घड्याळ घातलं का, गोळी घेतली का, फोन चार्जिंगला लावला का. त्यांच्या हृदयाचा ठोका न् ठोका नागपूरला जात होता, तिथून खबर माझ्याकडे येत होती, आणि त्यात हे कुठेच आलं नव्हतं. आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

घाबरू नका म्हणावं, तर मीच घाबरले होते. "मले बी लागून राहिलं, मामाजी," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि माझं मनगट आणखी घट्ट धरलं. मी ड्रायव्हरला म्हटलं, मोहाडीच्या गर्दीतून नको, बाहेरच्या बाहेर घ्या.